गुन्हा कबूल की नाकबूल? कोर्टात उत्तर देण्याआधी आरोपीला माहीत हव्यात अशा गोष्टी

कोर्टात पुकारा होतो, न्यायाधीश विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" आणि समोर उभा असलेला माणूस गोंधळतो. कामं सोडून तालुक्याला किती चकरा मारायच्या, दंड भरून मोकळं होऊ, असा विचार करून अनेक जण 'कबूल' म्हणून टाकतात. पण हा शब्द म्हणजे तडजोड नाही. त्यावर कोर्ट आरोपीला दोषी ठरवू शकतं, आणि एकदा निकाल झाला की तो शब्द मागे घेणं फार अवघड जातं.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१९७३) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली आहे. त्या दिवशी चालू असलेले खटले जुन्या कायद्यानेच पुढे चालतात. कबूल-नाकबुलीचे मुख्य नियम दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत. खालील कलमं नव्या कायद्याची आहेत.

हा प्रश्न कधी विचारतात?

दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत (समन्स खटला) आरोपी हजर झाल्यावर आरोप काय आहे ते सांगून प्रश्न विचारला जातो (कलम २७४). दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत आणि सेशन कोर्टातल्या खटल्यांत आधी दोषारोप ठेवला जातो, तो वाचून समजावला जातो आणि मग विचारणा होते (कलम २६३ आणि २५१). आरोपीच्या उत्तराला वकिलांच्या भाषेत 'प्ली' म्हणतात.

पोलीस ठाण्यात पोलिसांसमोर दिलेली कबुली ही प्ली नव्हे. प्ली फक्त कोर्टात, न्यायाधीशांसमोर होते. आरोप नीट समजला नसेल तर "साहेब, परत सांगा" असं म्हणण्याचा आरोपीला पूर्ण हक्क आहे. त्यात कोर्टाचा अपमान होत नाही.

'नाकबूल' म्हटलं तर?

खटला चालतो. गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. साक्षीदार येतात, त्यांची उलटतपासणी होते. आरोपी काहीच बोलला नाही तरी ते कबूल धरलं जात नाही, खटला पुढे चालतो. 'नाकबूल' म्हटलं म्हणून खोटं बोलल्याचा वेगळा गुन्हाही लागत नाही.

'कबूल' म्हटलं तर?

कोर्ट ती प्ली नोंदवतं आणि त्यावरून दोषी ठरवू शकतं. 'ठरवू शकतं' हे महत्त्वाचं, कारण कबुली स्वीकारायची की नाही हे कोर्टाच्या अखत्यारीत आहे. समन्स खटल्यात आरोपीचं उत्तर शक्य तितकं त्याच्याच शब्दांत लिहावं, असं कलम २७५ सांगतं. "मारलं, पण त्याने आधी काठी उचलली म्हणून" असं कुणी म्हणालं, तर ती सरळ कबुली नाही, बचाव आहे. तो भागही लिहून घ्यायला हवा.

एकाच गुन्ह्यात चार आरोपी असतील तर प्रत्येकाची प्ली वेगळी. एकाने कबूल केलं म्हणून बाकीचे दोषी ठरत नाहीत.

मिटवणं आणि कबूल करणं यात फरक काय?

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. बांधावरून भांडण झालं, किरकोळ मारहाण आणि शिवीगाळीचा गुन्हा दाखल झाला, पुढे दोन्ही घरं समेटाला आली. अशा वेळी तडजोड करता येते (कलम ३५९). साधी दुखापत, मुद्दाम अपमान असे काही गुन्हे फिर्यादीच्या बाजूने मिटवता येतात, काहींना कोर्टाची परवानगी लागते, गंभीर गुन्हे मात्र मिटवता येत नाहीत. तडजोड झाली की निकाल निर्दोष सुटकेचा असतो.

त्याच प्रकरणात 'कबूल' म्हटलं तर दंड शंभर रुपये असो की हजार, नोंद शिक्षेची होते. पोलीस भरती, सरकारी नोकरी, चारित्र्य पडताळणी अशा ठिकाणी ती नोंद समोर येऊ शकते. घरातला मुलगा भरतीची तयारी करत असेल तर हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

कबूल करायचंच असेल तर

पहिलाच गुन्हा असेल तर परिवीक्षा कायदा, १९५८ (प्रोबेशन) लावण्याची विनंती करता येते. योग्य प्रकरणात कोर्ट शिक्षा न देता ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. या कायद्याच्या कलम १२ नुसार अशा माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

दुसरा रस्ता 'प्ली बार्गेनिंग'चा (कलम २८९ ते ३००). दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत आरोपीने स्वतः अर्ज द्यायचा असतो. अर्ज स्वखुशीने दिला आहे का, हे न्यायाधीश बंद खोलीत विचारतात. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे, महिलांविरुद्धचे आणि बालकांविरुद्धचे गुन्हे यात बसत नाहीत. सगळं जमलं तर शिक्षा कमी होऊ शकते, पण दोषसिद्धी राहतेच.

जेलमध्ये असलेल्या आरोपीला कधी कधी सांगितलं जातं, "कबूल कर, जेवढे दिवस आत काढलेस तेवढीच शिक्षा होईल." त्याआधी कलम ४७९ तपासावं. याआधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर बंधपत्रावर सुटकेची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसंच एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर ही सवलत मिळत नाही.

उत्तर बदलता येतं का?

*नाकबूलवरून कबूल:* खटला चालू असताना आरोपी कोर्टात अर्ज देऊन आता कबूल करायचं आहे असं सांगू शकतो. कोर्ट त्याला परिणाम समजले आहेत का, कुणाचा दबाव आहे का, हे पाहतं. गंभीर गुन्ह्यात नुसत्या कबुलीवर न थांबता कोर्ट पुरावा नोंदवायलाही सांगू शकतं.

*कबूलवरून नाकबूल:* इथे वेळ फार महत्त्वाची. दोषी ठरवल्याचा निकाल होण्याआधीच कोर्टाला लगेच सांगावं. आरोप समजला नव्हता, कुणी चुकीचं सांगितलं, भीती दाखवली, जे कारण असेल ते लेखी अर्जात लिहावं. कबुली न स्वीकारता खटला चालवण्याचा अधिकार कोर्टाला असतो.

निकालावर सही झाल्यावर तेच कोर्ट तो बदलू शकत नाही. फक्त लिखाणातली चूक दुरुस्त होते (कलम ४०३). अपिलाची वाटही अरुंद होते. कबुलीवरून शिक्षा झाली असेल तर खालच्या कोर्टाच्या निकालावर अपील फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच करता येतं (कलम ४१६). सेशन कोर्टात अपिलाची मुदत ३० दिवस आहे. प्ली नीट नोंदवलीच नव्हती, अशी तक्रार असेल तर ९० दिवसांत रिव्हिजन अर्जाचा मार्ग आहे.

सुप्रीम कोर्टाने 'थिप्पस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य' प्रकरणात एक गोष्ट स्पष्ट केली. हलक्या शिक्षेच्या आशेवर आरोपीला कबूल करायला लावायचं आणि वरच्या कोर्टात शिक्षा वाढवायची, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ च्या विरुद्ध आहे. अशा वेळी आरोपीला खटला लढण्याची संधी परत मिळायला हवी.

*दोषारोपच बदलला तर:* निकालाआधी कोर्ट दोषारोपात बदल करू शकतं (कलम २३९). बदललेला दोषारोप आरोपीला पुन्हा वाचून समजावून सांगावा लागतो. कलम वाढलं असेल तर आधीच्या उत्तरावर विसंबून राहू नये, नव्याने सल्ला घ्यावा.

कोर्टात उभं राहण्याआधी

– कलम कोणतं, कमाल शिक्षा किती, हे वकिलाकडून विचारून घ्यावं.
– गुन्हा तडजोडीत बसतो का, ते आधी पाहावं.
– दोषारोपपत्राची नक्कल आरोपीला मोफत मिळते. ती वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये.
– वकील नसेल तर "मला सरकारी खर्चाने वकील हवा" असं न्यायाधीशांना सांगावं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे.
– अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. तिचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. हेल्पलाइन क्रमांक १५१००.
– त्याच दिवशी उत्तर देणं जमत नसेल तर सल्ला घेण्यासाठी पुढची तारीख मागावी. एक चकर वाढेल, पण आयुष्यभराची नोंद टळू शकते.