पान कोणाच्या हाती?

मुरुडचे धोंडो केशव कर्वे लहानपणी गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, ही त्या काळची रीतच होती. पोथीही तशीच ऐकली जाई. मात्र ऐकणाऱ्याच्या हाती पान नसे. अंधांसाठीच्या बोलत्या पुस्तकांचा इतिहास आम्हांस या पानाच्याच शोधाचा इतिहास वाटतो.

अमेरिकेत 1934 साली व इंग्लंडात 1935 साली ही पुस्तके तबकड्यांवर आली. आपल्याकडे 1951 मध्ये भारती ब्रेल ठरली, 1952 मध्ये मुंबईत 'नॅब'ची स्थापना झाली; पुढे कॅसेटचे युग आले. आवाज घरी पोहोचला, पण वर्गात 'पृष्ठ 84 काढा' म्हटले की कॅसेटवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याने फीत मागेपुढे फिरवीत बसावे! 1996 मध्ये स्थापन झालेल्या डेझी संघाने ध्वनीलाच प्रकरणांच्या व पृष्ठांच्या खुणा जोडण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा कुठे ही अडचण सरली.

ही पद्धत खिशात आणणाऱ्या यंत्रांपैकी दोन विशेष गाजली. कॅनडातील ह्यूमनवेअरचा 'व्हिक्टर रीडर स्ट्रीम' 2007 साली आला. त्याची बटणे टेलिफोनसारखी. अंक दाबावेत, पानावर जावे. जपानी 'प्लेक्सटॉक पॉकेट' वाचून तर दाखवीच, शिवाय डेझी पद्धतीने ध्वनिमुद्रणही करी. केवळ वाचनासाठी आम्ही पहिला निवडू, व्याख्याने टिपून घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दुसरा.

तथापि मराठी वाचकापुरती ही तुलना अपुरी आहे. माणसाने वाचलेले पुस्तक ऐकविण्यास यंत्राला मराठी यावे लागत नाही. नुसती अक्षरे दिली, तर मराठी उच्चारणारा कृत्रिम आवाज हवा. आणि पुस्तकात खुणाच घातल्या नसतील, तर महागड्या यंत्रालाही पृष्ठ 84 सापडत नाही. खरी उणीव यंत्रांची नव्हे, खुणा घालून वाचलेल्या मराठी पुस्तकांची होती. (बॅटरी किती तास टिकते, याचीच चर्चा अधिक झाली, हे निराळे.)

कायद्याची वाट 2012 च्या प्रताधिकार दुरुस्तीने मोकळी केली. 2013 च्या माराकेश कराराला 2014 मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच. 2016 मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.

कर्वे 1962 मध्ये निवर्तले. त्यामुळे 1 जानेवारी 2023 पासून त्यांचे 'आत्मवृत्त' (1915) प्रताधिकारमुक्त आहे. मुरुडच्या कुणीही ते ध्वनिमुद्रित करावे. फक्त पृष्ठांच्या खुणा घालण्यास विसरू नये.