उस्मानिया ते नामविस्तार : मराठवाड्यातील विद्यार्थिजीवन



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. इतिहास हा काही आमचा विषय नव्हे. पण जे डोळ्यांदेखत घडलं त्याची साक्ष द्यायला पदवी लागत नाही, म्हणून उभे आहोत.

आपलं अंबाजोगाई हे मुकुंदराजांचं, दासोपंतांचं गाव. निजामी राजवटीत याचं नाव मोमिनाबाद. मराठी ज्या गावात एवढी जुनी, तिथल्या पोराला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. घरात मराठी आणि परीक्षेत उर्दू, अशी ती ओढाताण होती. १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला मनाई झाली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही तेच. मुलं हटली नाहीत. शेकडोंना शिक्षण सोडून बाहेर पडावं लागलं; त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. लक्षात घ्या, हैदराबादच्या मुक्तिलढ्याची एक ठिणगी वसतिगृहात पडली, वर्गात नव्हे. विद्यार्थी घडतो तो बहुधा खोलीत, पंगतीत आणि एस.टी.च्या फळीवर.

पुढे १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच मिलिंद महाविद्यालय. आणि २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. आमच्यासारख्यांना हैदराबादची वाट धरावी लागली नाही, ती या दोन घटनांमुळे.

आम्ही औरंगाबादला गेलो ते पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन. घराण्यातले पहिलेच पदवीधर. १९७२ चा दुष्काळ पडला. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते, मनिऑर्डर बंद झाली. आमचे खोलीसोबती दलित वस्तीतून आलेले. त्यांची सरकारी शिष्यवृत्ती नेहमी उशिरा यायची. पण त्या वर्षी ती आली तेव्हा त्यांनी आमच्या मेसचे दोन महिन्यांचे पैसे भरले. कुणाला बोलले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात ते आमच्या घरी आले. आईनं चहा दिला तो वेगळ्या कपात. ओट्याच्या कोपऱ्यातला, कान तुटलेला. चहा पिऊन त्यांनी तो स्वतःच विसळून ठेवला. आम्ही पाहिलं, आणि गप्प बसलो.

१९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. वसमतला गोळीबार झाला, विद्यार्थी बळी गेले. मागण्या होत्या नोकऱ्यांच्या, रुंदमापी रेल्वेच्या, विकासाच्या. मोर्चात आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून चाललो. वाटलं, आता सगळं एक झालं.

चारच वर्षांत ते खोटं ठरलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळू लागल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे मारले गेले. असं का व्हावं? पदवीधर वाढले होते, नोकऱ्या मोजक्या होत्या. त्याचा राग शिष्यवृत्तीवर, राखीव जागांवर निघाला. गावात जमिनीचे आणि मानपानाचे जुने हिशेब होतेच. ही कारणं झाली. पण कारण सांगणं म्हणजे समर्थन नव्हे, हा फरक विद्यार्थ्यांनी कायम ध्यानात ठेवावा.

आम्ही तेव्हा नवे प्राध्यापक. सकाळी वर्गात कान्ट शिकवायचो : माणसाला निव्वळ साधन मानू नका, तो साध्य आहे. दुपारी प्राध्यापकांच्या खोलीत नको ते बोललं जाई आणि आम्ही वर्तमानपत्रात डोकं घालून बसू. मित्राचं गाव आठ कोसांवर. तिकडे काय झालं असेल या विचारानं झोप यायची नाही. पण गेलो नाही. ‘वातावरण निवळू दे’ असं म्हणत राहिलो.

वातावरण निवळायला साडेपंधरा वर्षं लागली. १४ जानेवारी १९९४ ला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. त्यानंतर आम्ही त्यांच्याकडे गेलो. माफीचे शब्द जुळवले होते. त्यांनी चहा ठेवला, आणि म्हणाले, “तुझ्या आईवर माझा कधीच राग नव्हता. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तू तर एम.ए. होतास.”

मित्रहो, चाळीस वर्षं आम्ही नीतिशास्त्र शिकवलं. त्याची खरी परीक्षा त्या दिवशी झाली, आणि आम्ही नापास झालो.

आज मुलं लांबून या गावात शिकायला येतात, खोल्या करून राहतात. दारावर आता कुणी जात लिहीत नाही. तरी खोली देताना आडनाव विचारलं जातं की नाही, डबा कुणाबरोबर उघडला जातो, हे तुम्ही आम्हाला सांगायचं. आणि कुठे तो कोपऱ्यातला कप दिसला, तर तिथेच, त्याच वेळी बोलायचं. नंतर बोलायला आमच्यासारखी वीस वर्षं लागतात.