चौघांचं एक पार्सल

वन्यजीवांचे फोटो काढणाऱ्यांमध्ये एक रिवाज आहे. बाहेरच्या माणसाला तो जरा चमत्कारिक वाटतो. कुठे प्रदर्शन जाहीर झालं आणि फोटो मागवले गेले, की ज्याला ते आधी कळतं तो बाकीच्यांना कळवतो. हे बाकीचे त्याच प्रदर्शनात त्याच भिंतीसाठी झगडणारे असतात. त्यांना बातमी दिली की आपला फोटो मागे पडण्याची शक्यता वाढते. तरीही बातमी दाबून ठेवणाऱ्याला या मंडळींत मान नाही. हा मोकळेपणा आला कुठून? स्वभावातला चांगुलपणा हे उत्तर मला अपुरं वाटतं. त्यामागे पोस्टाचा खर्च आहे, परकीय चलन आहे, एंट्री फॉर्म आहेत आणि पोस्टाने फिरणारा एक बराच जुना संग्रहही आहे.

सुरुवात छायाचित्रणाच्या मंडळांपासून झाली. लंडनमध्ये १८५३ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच जानेवारीत तिने पहिलं प्रदर्शन भरवलं. त्याच वर्षी, म्हणजे १८५४मध्ये, मुंबईतही अशी सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. जॉन्सन आणि हेंडरसन या मुंबईच्या दोघा छायाचित्रकारांनी १८५६पासून दर महिन्याला एक संग्रह काढला. प्रत्येक अंकात प्रत्यक्ष चिकटवलेले फोटो असत. प्रदर्शनाला जाता येत नसेल, तर प्रदर्शनच थोडंथोडं घरी यावं, अशी ती सोय होती. त्यात माणसं होती, देवळं होती, बाजार होते. रानातलं जनावर मात्र नव्हतं. तेव्हाच्या काचेवर चित्र उमटायला इतका वेळ लागे की हलणारं काहीही पुसट व्हायचं.

जनावरं आली ती शतकाच्या शेवटाला. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२मध्ये अंड्यांसह घरट्याचा फोटो काढला आणि १८९५ला त्यांचं घरट्यांवरचं पुस्तक निघालं. पण या गोष्टीतलं माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं वर्ष १८९९ आहे. त्या वर्षी तिथे प्राण्यांचे फोटो काढणाऱ्यांचा झूलॉजिकल फोटोग्राफिक क्लब निघाला. सभासद गावोगावी विखुरलेले होते, म्हणून फोटोच पोस्टाने फिरवले जात. संग्रह एकाकडून दुसऱ्याकडे जाई. जो तो त्यात आपला प्रिंट घाली, इतरांच्या प्रिंटांवर मत लिही आणि पुढच्या पत्त्यावर रवाना करी. आपल्यासारखा वेडा माणूस शेजारच्या घरात सापडत नसेल, तर त्याला पोस्टाने शोधायचा, ही कल्पना तिथे पक्की झाली. संग्रह कोणी अडवून धरला की सगळ्यांचंच अडायचं. देवाणघेवाण हा नियम व्हायला यापेक्षा चांगली शाळा नसेल.

आपल्याकडे वाघाला कॅमेऱ्यात पकडलं ते एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने. वाटेवर तार लावायची, वाघाचा पाय लागला की प्रकाश आणि फोटो. १९२७ला त्याचं पुस्तक आलं. ते वाचून अनेकांनी बंदूक खाली ठेवली असेल, पण आजच्यासारखी मंडळं आणि प्रदर्शनं यायला अजून वेळ होता. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत १९३७ला निघाली. पुढे १९५३मध्ये डॉ. जी. थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या मंडळांचं फेडरेशन उभं केलं. बाहेर, युरोपात, आंतरराष्ट्रीय संघटना १९५०मध्येच सुरू झाली होती.

आणि इथे पार्सल येतं.

आंतरराष्ट्रीय सॅलॉनला, म्हणजे प्रदर्शनाला, चार प्रिंट पाठवायचे म्हणजे काय होतं, ते आज सांगावं लागतं. आधी अंधाऱ्या खोलीत मोठे कागद वाया घालवायचे. मग प्रिंट वाकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठे, वर कापड, त्यावर शिवण. परतीचं टपाल भरायचं. फी परदेशी चलनात आणि परकीय चलनावर तर सरकारचे कडक निर्बंध. टपाल खात्याचं आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन चालत असेल तिथे ते जोडायचं. एकट्याने हे सगळं करणं नोकरदार माणसाच्या खिशाबाहेरचं. चौघांनी मिळून एकच पार्सल केलं तर टपाल चौघांत वाटलं जाई. बऱ्याच सॅलॉनमध्ये मंडळाने एकत्र पाठवलेल्या प्रिंटांना फीत सवलतही असते आणि सर्वाधिक यश मिळवणाऱ्या मंडळाला वेगळं बक्षीस असतं. म्हणजे चौथा माणूस मिळवायचा तर त्याला बातमी द्यावीच लागते. बातमी लपवणारा स्वतःचंच पार्सल महाग करून ठेवतो.

दुसरं कारण पदवीचं. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पदव्या एका उत्तम फोटोवर मिळत नाहीत. वेगवेगळ्या देशांतल्या मान्यताप्राप्त प्रदर्शनांत ठरावीक संख्येने फोटो स्वीकारले गेले पाहिजेत. त्यामुळे कुठलं प्रदर्शन कधी बंद होतं, त्याला मान्यता आहे की नाही, निसर्ग असा वेगळा विभाग आहे की नाही, ही माहिती सोन्याच्या भावाची. एका माणसाला ती सगळी मिळणं अशक्य. मग तू मला फिनलंडचं सांग, मी तुला हाँगकाँगचं सांगतो, असा व्यवहार सुरू होतो आणि काही वर्षांनी त्यातला व्यवहार गळून नुसती सवय उरते.

या बातम्या कशावरून वाचायच्या, त्याचीही एक पद्धत होती. परत आलेला प्रिंट उलटा करायचा. ज्या ज्या प्रदर्शनात तो लागला, तिथलं लेबल मागे चिकटवलेलं असे: शहर, वर्ष, मंडळाचं नाव. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर वाघ बघून झाला की पाठ बघायची आणि पत्ता उतरवून घ्यायचा. प्रदर्शनाचा कॅटलॉगही असाच हातोहात फिरे.

मोठ्या शहरापासून दूर असलेल्या गावाला अशा बातमीची किंमत जास्त. सांगली जिल्ह्यातलं जतच घ्या. मिरज-पंढरपूर मार्गावर ‘जत रोड’ नावाचं स्टेशन आहे, पण गाव तिथून दूर. जिल्ह्याच्या सांगलीपेक्षा विजापूर जवळ. तालुक्यातल्या अनेक गावांत घरची भाषा कन्नड. म्हणजे इथे बातमी दोन्हीकडून येऊ शकते: पुण्या-मुंबईहून मराठीत आणि बंगळूरकडून कन्नडमध्ये. बंगळूरला टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारख्यांनी वन्यजीव छायाचित्रणाची मोठी परंपरा उभी केली. पावसाच्या छायेतला हा कोरडा मुलूख. लांडगा, खोकड, धाविक, पखुर्डी, चंडोल ही दख्खनच्या माळावरची मंडळी. वाघाच्या गर्दीत प्रदर्शनवाल्यांना माळाचे फोटो कमीच मिळतात. माझं ठाम मत आहे की या बातमीची सर्वांत जास्त गरज अशाच तालुक्याला आहे. इथल्या मुलाने काढलेला खोकडाचा फोटो ताडोबाच्या शंभराव्या वाघिणीपेक्षा परीक्षकाला नक्की थांबवेल, पण शेवटची तारीख त्याला कळली पाहिजे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला वन्यजीव सप्ताह या बाबतीत मोठं काम करतो. सप्ताहाच्या निमित्ताने वनखातं, शाळा, निसर्गमंडळं फोटो लावतात. स्लाइडच्या काळात हे आणखी सोपं होतं. दोन इंच चौकटीतली पारदर्शिका पाकिटात जाई, भिंतीवर पांढरी चादर लावली की प्रदर्शन तयार.

मात्र बातमी बातमीत फरक आहे आणि तो या मंडळींनीच ठरवला आहे. प्रदर्शन कुठे आहे हे सगळ्यांना सांगायचं. लांडग्याचं बीळ कुठे आहे हे सांगायचं नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्यात फोटो काढायला परवानगी घ्यायला लावतो, पण जतच्या आसपासचा माळ बहुतांशी अभयारण्याबाहेरचा. तिथे राखण करते ती ही न बोलण्याची सवयच. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो आता अनेक स्पर्धा घेत नाहीत. २०१४मध्ये तीन मोठ्या संघटनांनी मिळून निसर्गछायाचित्राची व्याख्याही एक केली. हे नियम पत्रकात शेवटी बारीक अक्षरांत असतात. घोषणा पुढे पाठवणाऱ्याने ते गाळले तर नवशिक्या पोरगा घरट्यापाशी जाऊन बसतो. म्हणून पूर्वी पत्रकाची नक्कल करणारे नियमांचं पानही उतरवून देत, ही पद्धत मोडू देता कामा नये.

आज हे सगळं फोनवरच्या गटांत होतं. पार्सल नाही, शिवण नाही, चौथा माणूस मिळवायची निकड नाही. पण संदेशाचा क्रम बघा. आधी प्रदर्शनाचं नाव, मग मान्यतेचा क्रमांक, विभाग, फी, मंडळाला सवलत, शेवटची तारीख, परीक्षणाची तारीख, निकाल कळवण्याची तारीख, प्रदर्शनाची तारीख आणि जागा, कॅटलॉग कधी. हा क्रम छापील एंट्री फॉर्मचाच. पाठवणारा शेवटच्या तारखेखाली जाड रेघ ओढतो. जतच्या वाचकाने मात्र आणखी खालची ओळही वाचावी, जागेची. सांगलीत किंवा विजापुरात असेल तर सकाळच्या एस.टी.ने जाऊन ते प्रिंट समोर उभं राहून बघता येतात.