मस्कतहून निघालेला ठराव

कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांना मस्कत कधी परके वाटले नाही. कुणाचे चाचा तिथे ड्रायव्हर होते, कुणाचे मामू फोरमन. सुट्टीवर आलेली ही माणसे तिथल्या गुळगुळीत रस्त्यांचे कौतुक सांगत. त्या रस्त्यांचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. जुलै 1970 मध्ये सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हा सबंध ओमानमध्ये डांबरी रस्ता होता जेमतेम दहा किलोमीटर. तेलाची निर्यात 1967 पासून सुरू झाली होती. हाती पैसा आला, पाठोपाठ रस्ते आले आणि गाड्याही. युरोपला जे करायला शंभर वर्षे लागली, ते इथे एका पिढीत झाले. त्या वेगाची किंमतही एकाच पिढीने मोजली. रस्त्यावर तरुण मुले मरू लागली.

म्हणूनच रस्त्यावरच्या मृत्यूंचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेण्याचे श्रेय अमेरिकेला किंवा जर्मनीला जात नाही, ते ओमानला जाते, याचे मला नवल वाटत नाही. त्यांचे तिथले प्रतिनिधी फुआद अल हिनाई यांनी हा विषय लावून धरला. 22 मे 2003 रोजी ‘जागतिक रस्तासुरक्षेचे संकट’ या शीर्षकाचा ठराव मंजूर झाला. युद्ध, निर्वासित, अण्वस्त्रे अशा विषयांच्या सभागृहात एका लहानशा अरब देशाने उभे राहून मोटारीखाली मरणाऱ्यांबद्दल बोलायचे, ही गोष्ट त्या काळी थोडी विचित्रच वाटली असणार.

त्याआधी आंतरराष्ट्रीय पातळीवर काहीच नव्हते असे नाही. 1949 चा जिनिव्हा करार होता, 1968 चे व्हिएन्ना करार होते. त्यांत भारतही 1980 मध्ये सामील झाला. रस्त्याच्या कडेचा लाल काठाचा त्रिकोण जगभर जवळपास सारखाच दिसतो, तो या खटपटीमुळे. पण ही सगळी रचना मुख्यतः युरोपच्या गरजेतून घडलेली. पॅरिसहून निघालेली गाडी मिलानपर्यंत बिनघोर जावी, हा तिचा हेतू. माणूस मेला तर तो त्या त्या देशाचा घरगुती मामला! आपल्याकडे त्याला आणखी एक जोड होती. मय्यतीत लोक ‘तकदीर’ म्हणत, पारावर ‘नशीब’ म्हणत, आणि पोलीस पंचनाम्यात ‘चालकाचा निष्काळजीपणा’ लिहून मोकळे होत.

जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांनी एप्रिल 2004 मध्ये काढलेल्या अहवालाने या समजुतीला धक्का दिला. दरवर्षी सुमारे 12 लाख माणसे रस्त्यावर मरतात आणि त्यातली बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात, असे त्यात मांडले होते. त्याच महिन्यात आमसभेने पुढचा ठराव केला. आरोग्य संघटनेने हे काम पाहावे, मात्र संयुक्त राष्ट्रांच्या प्रादेशिक आयोगांना बरोबर घेऊन, असे त्यात ठरले. असे आयोग पाच आहेत: जिनिव्हा, बँकॉक, अदिस अबाबा, सांतियागो आणि बैरूत. ठरावातले हे कलम वाचायला रूक्ष आहे, पण माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे. देशोदेशीचे सरकार एकटे हे काम करू शकत नाही आणि न्यूयॉर्कमध्ये बसूनही ते होत नाही, शेजाऱ्यांनी मिळूनच करावे लागते, याची ती कबुली होती.

सुरुवात घोषणांनी झाली. नोव्हेंबर 2006 मध्ये आशिया-पॅसिफिकचे मंत्री दक्षिण कोरियात बुसानला जमले. 2007 ते 2015 या काळात या खंडातल्या रस्त्यांवर सहा लाख जीव वाचवायचे, असे त्यांनी जाहीर केले. फेब्रुवारी 2007 मध्ये आफ्रिकेतले देश घानाच्या अक्रा शहरात भेटले आणि 2015 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याची शपथ त्यांनी पुन्हा घेतली. आकडे भव्य होते. मंत्री आपापल्या देशी परतले, 2015 आले आणि गेले. लक्ष्य गाठले गेले नाही. आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार 2010 ते 2021 या काळात जगभरातले असे मृत्यू फक्त 5 टक्क्यांनी घटले. युरोपात ते 36 टक्क्यांनी उतरले, आफ्रिकेत मात्र 17 टक्क्यांनी वाढले.

मग शेजाऱ्यांच्या एकत्र येण्याला अर्थ काय? हे समजून घ्यायला बेनिन या चिमुकल्या देशाच्या कोटोनू बंदरात जावे लागेल. युरोपातून आलेल्या जुन्या गाड्या इथे मोठ्या संख्येने उतरतात. बेनिनला एवढ्या गाड्या लागतच नाहीत. त्या पलीकडे नायजेरियात जातात, काही राजमार्गाने, बऱ्याचशा चोरवाटेने. नायजेरियाने कितीही कडक कायदा केला, आयात बंद केली, कर वाढवला, तरी लेगोसच्या बंदरात न आलेली गाडी कोटोनूत उतरते आणि सरहद्द ओलांडते. म्हणजे एका देशाने शहाणपण दाखवले की त्याचा धंदा शेजाऱ्याला मिळतो. शेजाऱ्याच्या तिजोरीत जकात पडते, त्यामुळे त्यालाही ते थांबवावेसे वाटत नाही.

या गाड्या कशा असतात? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने 2020 मध्ये या व्यापाराचा हिशेब मांडला. 2015 ते 2018 या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून 1 कोटी 40 लाख वापरलेल्या हलक्या गाड्या बाहेर गेल्या. त्यातल्या सुमारे 80 टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पोहोचल्या आणि निम्म्याहून जास्त एकट्या आफ्रिकेत. त्यांतल्या अनेक गाड्या त्यांच्या मूळ देशात रस्त्यावर चालवण्यालायक ठरल्या नसत्या. एखाद्या गाडीची एअरबॅग उडून गेलेली, एखादीचे ब्रेक झिजलेले. युरोपने आपला रस्ता सुरक्षित केला आणि जुनी गाडी दुसऱ्याच्या रस्त्यावर सोडली, असा याचा सरळ अर्थ मी लावतो.

यावर तोड पश्चिम आफ्रिकेने शेवटी एकत्र बसूनच काढली. त्यांच्या आर्थिक संघटनेतल्या पंधरा देशांनी 2020 मध्ये इंधनाचे आणि गाड्यांचे समान निकष ठरवले. आयात होणाऱ्या जुन्या हलक्या गाडीसाठी पाच वर्षांची आणि जड वाहनासाठी दहा वर्षांची वयोमर्यादा त्यात आहे. अंमलबजावणी सोपी नाही. कोटोनूच्या गोदीवर हजारो कुटुंबांची चूल पेटते, हेही खरे. तरीही बुसानच्या सहा लाखांच्या घोषणेपेक्षा मला हा कागद मोलाचा वाटतो. त्यात नुसते वचन नाही, गाडीचे वय लिहिले आहे.

दुसरे उदाहरण लॅटिन अमेरिकेचे. तिथे 2010 मध्ये ‘लॅटिन एनकॅप’ नावाने गाड्या आपटून पाहण्याचा उपक्रम सुरू झाला. कंपन्या युरोप-अमेरिकेत एक गाडी विकतात आणि गरीब देशांत तशीच दिसणारी दुसरी, हे त्यामुळे लोकांना डोळ्यांनी दिसले. मेक्सिकोतली निसान त्सुरू ही टॅक्सीवाल्यांची लाडकी, स्वस्त गाडी. तिला शून्य तारे मिळाले होते. ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत ती त्याच कंपनीच्या, अमेरिकी बाजारातल्या व्हर्सा गाडीवर समोरासमोर धडकवली गेली. त्सुरूतला पुतळा जगला नसता, व्हर्सातला वाचला असता. मे 2017 मध्ये त्सुरूचे उत्पादन थांबेल, हे कंपनीने या धडकेच्या सुमारासच जाहीर केले. त्याआधी 2014 पासून ब्राझील आणि अर्जेंटिना या दोघांनी नव्या गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सक्तीचे केले होते. हे दोन देश एकमेकांना गाड्या विकतात. एकानेच नियम केला असता, तर कारखानदाराने दुसऱ्याकडे बोट दाखवले असते.

आता आपल्या अंगणात येऊ. दक्षिण आशियात वाहनांच्या कराराची गोष्ट निघाली ती 2014 च्या काठमांडू सार्क परिषदेत. पाकिस्तान राजी नव्हता, म्हणून जून 2015 मध्ये थिंफूला भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ अशा चौघांनीच सह्या केल्या. पुढे भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. बाहेरच्या ट्रकांची गर्दी आणि धूर त्यांना नको होता. या कराराचा सगळा भर ट्रक सरहद्दीपलीकडे कसा जाईल, यावर. तो ट्रक कुणाला चिरडून गेला तर काय, ही चर्चा दुय्यम. 29 जुलै 2018 रोजी ढाक्यात स्पर्धा लावून धावणाऱ्या बसने दोन विद्यार्थ्यांना ठार केले, तेव्हा शाळेच्या गणवेशातली मुले रस्त्यावर उतरून वाहनांचे परवाने तपासू लागली. मंत्र्यांच्या गाड्याही त्यांनी अडवल्या. बांगलादेशाला त्याच वर्षी नवा कायदा करावा लागला. तेच दृश्य पुण्यात किंवा पाटण्यात घडले असते, तर कुणाला आश्चर्य वाटले असते? 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, असे आपलेच रस्ते वाहतूक मंत्रालय सांगते.

यात आणखी एक गाठ आहे. जानेवारी 2014 मध्ये भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्यांची पहिल्यांदा जाहीर धडक-चाचणी झाली आणि पाचही शून्यावर बाद झाल्या, तेव्हा आपण त्सुरूवाल्या मेक्सिकोच्या जागी होतो. तक्रार करायला आपल्याला हक्क होता. ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ चाचणी सुरू झाली, ऐच्छिक का होईना. पण या दहा वर्षांत आपण गाड्यांचे मोठे निर्यातदारही झालो. आफ्रिकेतल्या ग्राहकांसाठी 2017 पासून ज्या चाचण्या होतात, त्यांत भारतात बनलेल्या गाड्या असतात आणि त्यातल्या काहींना मिळालेले तारे लाजिरवाणे आहेत. नेपाळच्या डोंगरात आणि बांगलादेशाच्या महामार्गांवर आपल्याच कारखान्यांतले ट्रक आणि बस धावतात. तिथल्या मंत्र्याने उद्या दिल्लीला विचारले, की तुमच्या ग्राहकाला देता तेच ब्रेक आम्हालाही द्याल का, तर उत्तर आपल्याला द्यायचे आहे.