पडलेल्या पोफळींची मोजदाद

कोकणच्या किनाऱ्याला पाऊस सवयीचा आहे, वादळ नाही. अरबी समुद्रात उठणारी वादळं बहुतेक ओमानकडे तरी जातात, नाहीतर गुजरातेत तरी चढतात. 2009 च्या नोव्हेंबरात फयान आलं, तेवढंच आमच्या पिढीला ठाऊक. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असं वादळ 1891 नंतर आलं नव्हतं, असं हवामान खात्याच्या नोंदी सांगतात. म्हणजे ते पाहिलेला माणूस कुठल्याच घरात उरलेला नव्हता. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या आगरांच्या गावांकडे ना एखादी म्हण होती, ना एखाद्या आजोबांचा सल्ला. दुपारचे दोन-तीन तास ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा वाहिला. वादळाबद्दल इतकंच सांगणं पुरे, कारण ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आम्ही सोडून. आमची वीज सकाळीच गेली होती.

पुढचे दिवस मात्र कुणी पाहिले नाहीत.

मुळात दिवस वाईट. आगोटीची सगळी बेगमी भरून झालेली असते. माळ्यावर लाकडं, डब्यांत सुकट-बोंबील, पापड-कुरडया, कणगीत भात. मृग चार दिवसांवर आलेला. कौलं उडाली आणि वर्षभराची बेगमी एका दुपारी भिजली. त्यात टाळेबंदी. मुंबईचे चाकरमानी एरवी गणपतीला काय, शिमग्याला काय, हाक मारली की येतात. ते तिकडे अडकलेले. जे आधी आले होते ते शाळेत चौदा दिवस काढत होते, आणि शाळेचेच पत्रे उडाले. शेवटी गावाने एक गोष्ट न ठरवताच केली. ज्यांचं स्लॅबचं घर, त्यांच्याकडे ज्यांचं कौलाचं ते गेले. एकेका घरात वीस-वीस माणसं. अंतर राखायचा नियम सगळ्यांना पाठ होता, पण तो राखायला आधी डोक्यावर छप्पर लागतं. महिनाभर ज्यांनी एकमेकांच्या ओटीवर पाय ठेवला नव्हता, ती घरं एका चुलीवर पेज शिजवून जेवली.

दोन दिवसांनी वटपौर्णिमा आली. देवळाजवळचा वड मुळासकट आडवा झालेला. बायकांनी आडव्या वडालाच सूत गुंडाळलं. खोडावरून चढून पलीकडे उतरायचं, पुन्हा खालून वाकून यायचं, अशा सात फेऱ्या. हसत होत्या बिचाऱ्या. त्या आठवड्यात मी पाहिलेलं तेवढंच हसू.

घरं कशीबशी उभी राहिली. मंगलोरी कौलं मिळेनात म्हणून पत्रे आले, पत्रे मिळेनात तिथे ताडपत्री. वीज कित्येक गावांत महिनाभर नव्हती. पंप बंद, म्हणून विहिरींवरचे गंजलेले रहाट तेल घालून पुन्हा फिरवले, पोहरे शोधून काढले. जनरेटरवाला गावात आला की टाक्या भरून घ्यायच्या आणि मोबाईल ओळीने चार्जिंगला लावायचे. रेंज नसायची, तरी लोक चार्ज करत. या सगळ्यातून माणूस निभावतो. घराला महिना लागतो, फार तर वर्ष. पोफळीला तसं नाही.

बाहेरच्या माणसाला आगर म्हणजे थंडगार सावली आणि फोटोला बरी जागा. आगर म्हणजे खरं तर घराण्याची वही असते. पोफळ लावल्यापासून सहा-सात वर्षांनी धरते, भरात यायला दहा-बारा लागतात, आणि मग दोन पिढ्यांना पोसते. तिच्या अंगावर मिरीचा वेल, तिच्या सावलीत जायफळ, मध्येमध्ये केळ, कडेला माड. रोठा सुपारी हे श्रीवर्धनचं नाव. पण घरात तिला कुणी रोठा म्हणत नाही, 'विहिरीकडची', 'पाटाकडची' असंच म्हणतात. आमच्या बारा गुंठ्यांत पणजोबांची एक रांग होती, आजोबांच्या चार, आणि काका गेले त्या वर्षी काकीने एकटीने लावलेली एक. 4 जूनला आम्ही आत शिरलो तेव्हा आगरात ऊन होतं. त्या जमिनीवर भरदुपारचं ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं.

काकीने मोजायला घेतलं. 312 पोफळींतल्या 47 उभ्या. चौदा माडांतले पाच. जायफळाची दोन्ही झाडं पोफळींखाली चेंगरलेली. ती मोजताना आकडा नाही, रांगेचं नाव घेत होती. मी म्हटलं, "काकी, पुरे कर आता." तर म्हणाली, "तू लिहून घे. उद्या कोण विचारेल तेव्हा सांगायला नको?"

विचारलं गेलंच, पण वेगळ्या भाषेत. सरकारी मदत हेक्टरवर ठरते. फळबागेचा जुना दर हेक्टरी 18 हजार होता. वादळानंतर तो 50 हजार केला. ऐकायला मोठा वाटतो. पण हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, आणि आमच्याकडे कुणाचं आगर आठ गुंठे, कुणाचं पाच. गुंठ्याला पाचशे रुपये पडले. बारा गुंठ्यांचे सहा हजार, आणि त्यात तीन पिढ्यांची लागवड. घाटावरच्या द्राक्षबागेला किंवा ऊसमळ्याला बसणारं माप आगराला बसत नाही. इथे जमीन नखाएवढी आणि उभं पीक आभाळाएवढं. हे लोकांनी ओरडून सांगितलं, सभा झाल्या, निवेदनं गेली, आणि त्याच पावसाळ्यात पोफळीला झाडामागे 50 आणि माडाला 250 रुपये द्यायचं ठरलं. काकीच्या वहीप्रमाणे 265 पोफळी आणि नऊ माड, म्हणजे 15 हजार 500. तेवढ्यात आगर उभं राहत नाही हे खरंच. तरीही माझ्या मते त्या दोन महिन्यांत गावाने मिळवलेली मोठी गोष्ट हीच. रक्कम मी मोठी म्हणत नाही. झाड हे झाड म्हणून मोजलं गेलं, ते मोठं.

पण मोजायला झाड दिसायला हवं! पंचनामा होईपर्यंत तोडू नका, असा एक निरोप आला. आणि कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, हे आगरातलं शेंबडं पोरही जाणतं. खोडं ठेवावीत तर उरलेले माड भुंगा खाणार, उचलावीत तर पुरावा जाणार. वर पाऊस सुरू झालेला. काकीने तोड काढली. खोडं कापून बांधाबाहेर नेली, पण प्रत्येक बुंधा जागच्या जागी ठेवला आणि त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. माडाला लाल, पोफळीला हिरवी. पंचनाम्याला आलेला मुलगा चिखलात उभा राहून चिंध्या मोजत गेला. त्याचंही घर उडालं होतं, असं नंतर कळलं. चार-पाच आगरांत मग हीच रीत झाली.

खरी अडचण सातबाऱ्यावर निघाली. आगरं वाटून घेत नाहीत. वाटली तर पाण्याचा पाट कुणाचा? त्यामुळे उतारा सामायिक, आणि त्यावर नावं कुणाची, तर आजोबांच्या भावांच्या नातवंडांची. आमच्या बारा गुंठ्यांवर एकोणीस नावं. त्यातली चार वारलेली, एक बडोद्याला, दोघांचा पत्ता कुणालाच माहीत नाही. पैसे एकाच्या खात्यात यायचे तर बाकीच्यांची संमती हवी. टाळेबंदीत सह्या आणायच्या कुठून? इतकी वर्षं जे आगराकडे फिरकले नव्हते, त्यांना फोन लावताना काकीचा आवाज बदलायचा. बहुतेकांनी लगेच पाठवल्या सह्या, वर चार पैसेही पाठवले. एकाने मात्र आपला वाटा किती ते विचारलं. काकी म्हणाली, "चौदा पोफळी पडल्या तुझ्या. येऊन उचल." त्याचीही सही आली.

नुकसान त्या दुपारी संपलं नव्हतं, हे पुढच्या उन्हाळ्यात कळलं. पोफळ सावलीत एकमेकींच्या आधाराने वाढलेली. शेजारीण गेली की पश्चिमेचं ऊन थेट खोडावर पडतं, साल भाजते, तडकते, आणि पुढे साध्या वाऱ्यालाही ती तिथून मोडते. काकीने झावळ्यांनी खोडं गुंडाळली. तरी 47 च्या 38 झाल्या. मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, त्यात आणखी तीन.

नवीन लावणी उघड्यावर होत नाही. पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावल्या, त्यांची सावली धरली आणि मग रोपं. म्हणजे आणखी एक वर्ष गेलं. साठीच्या बाईने दहा वर्षांनी भरात येणारं झाड का लावावं, हे काकीला मी विचारलं नाही. विचारणारे दुसरे होते. रिकाम्या आगराला मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक लगेच मिळतं. समुद्र जवळ, जागा सपाट, तोडायला झाडही नाही. आमच्या आळीतल्या दोन आगरांत आता कॉटेज आहेत. त्यांना मी नावं ठेवत नाही. एका घरात मुलीचं लग्न अडलं होतं, दुसऱ्यात करणारं कुणी उरलं नव्हतं. पण पाट त्यांच्यातून येत होता. तो बुजला, म्हणून आम्हाला पाइप टाकावा लागला.

आणखी एका माणसाचं नुकसान कुठल्याच पंचनाम्यात बसलं नाही. सुपारी काढणारा पोफळीवर एकदा चढला की उतरत नाही. शेंड्याला झोका देतो, शेजारच्या पोफळीचा शेंडा धरतो, आणि वरच्यावर पलीकडे जातो. अशी वीस-वीस झाडं करून मग खाली येतो. आमच्याकडे येणारा गडी तीस वर्षं हे करत होता. वादळानंतरच्या हंगामात तो आला, आगराच्या तोंडाशी उभा राहिला, आणि दोन पोफळींमधलं अंतर बघत राहिला. आता प्रत्येक झाडाला चढायचं आणि प्रत्येकाला उतरायचं. त्या दिवशी त्याने अकरा झाडं केली. काकीने मजुरी जुन्या हिशेबाने, पुऱ्या दिवसाची दिली. त्याने निम्मी परत केली आणि जाताना रोपांच्या रांगांतून चालत गेला. दोन रोपं फार लांब लावली आहेत, एवढं म्हणाला. काकीने दुसऱ्या दिवशी ती उपटून जवळ लावली.