पन्हाळ्याचा चार दरवाजा कुठं गेला?

परवा कोल्हापूरचं काम लवकर आटोपलं, म्हणून वीसेक किलोमीटरवरचा पन्हाळा गाठला. चार दरवाजाच्या जागेवरून गाडी सरळ गडावर शिरते. 'जागेवरून' म्हणतोय, कारण तिथं आता दरवाजाच नाही. तो का नाही, ते पुढे येतंच.

किल्ला मुळात शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. पण पन्हाळा म्हटलं की आपल्याला एकच रात्र आठवते, जुलै १६६०ची. सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशिद, बाजीप्रभू. आठवलीच पाहिजे! पण त्या रात्रीआधी चार महिने गड झुंजला, तो कशाच्या जोरावर?

त्याचं उत्तर अंबरखान्यात आहे. गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्या. एकट्या गंगेत २५ हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. तसंच अंधारबाव. तीन मजली विहीर, आणि पाण्यात कुणी विष कालवू नये म्हणून शिबंदी राहायची सोय आतच.

पुढे सोमाळे तळ्याकाठी सोमेश्वराचं देऊळ. महाराजांनी आणि मावळ्यांनी या महादेवाला लाखभर चाफ्याची फुलं वाहिली, असं सांगतात. लाख फुलं म्हणजे झाडं किती असतील हो? तबक उद्यानातल्या सावलीत फिरताना मी हाच हिशोब करत होतो.

कोठ्या, विहिरी, देवळं, झाडं, तट. हे सगळं राखायला पिढ्यान्‌पिढ्या माणसं लागली. त्यातले तट-दरवाजे राखणारे ते गडकरी. चाकरीच्या बदल्यात त्यांना जमिनी होत्या. इंग्रजांच्या वर्चस्वाखालच्या कारभारानं त्या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात द्यायचं ठरवलं आणि १८४४ साली गडकरी उठले. इंग्रजांनी तोफा लावून डिसेंबरात पन्हाळा घेतला. मग चार दरवाजा पाडून टाकला. आधी माणसांच्या पायाखालची जमीन गेली, मग गडाचा दरवाजा गेला. हा क्रम लक्षात ठेवा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. ऊर भरून आला. पण पन्हाळा हा नांदता किल्ला आहे. वर नगरपरिषद आहे, शाळा आहे, घरं आहेत. वारशाच्या नियमांत आपली घरं-दुकानं राहतील ना, ही धास्ती तिथल्या लोकांनी बोलून दाखवलीय.

बेकायदा बांधकामाची बाजू मी घेत नाही. तटाला लागून भिंत उभी राहिली तर ती पाडलीच पाहिजे. पण नियम करताना पन्हाळकरांना समोर बसवा, कागद मराठीत द्या, आणि राखणीच्या कामात पहिला मान त्यांना द्या. दगड जपायला सरकार पुरेल, गड नांदता ठेवायला माणसंच लागतील.

तुमच्याजवळच्या किल्ल्यावर काय परिस्थिती आहे? खाली लिहा.