नियामक टी-पेशी आणि कर्करोग

नियामक टी-पेशी : शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक गट. निरोगी माणसाच्या रक्तातील सीडी४ टी-पेशींपैकी साधारण ५ ते १० टक्के पेशी या गटातल्या असतात. स्वतःच्याच अवयवांवर होणारा हल्ला थोपवणे हे त्यांचे नेहमीचे काम. कर्करोगाच्या गाठीत मात्र त्या मोठ्या संख्येने जमतात आणि गाठीवर चालून आलेल्या मारक टी-पेशींनाच अडवतात.

अशा पेशी असाव्यात ही कल्पना १९७० च्या सुमारास मांडली गेली, पण पुरावे डळमळीत निघाल्याने ती मागे पडली. शिमॉन साकागुची यांनी ती सोडली नाही. १९९५ मध्ये त्यांनी सीडी२५ या खुणेवरून या पेशी वेगळ्या काढून दाखवल्या. २००१ मध्ये मेरी ब्रुन्को व फ्रेड रॅम्सडेल यांना आजारी उंदरांच्या एका वाणात फॉक्सपी३ या जनुकाचा दोष सापडला. हेच जनुक या पेशी घडवते, हे दोन वर्षांत स्पष्ट झाले. तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

गाठीतल्या पेशी सीसीएल२२ सारखी रसायने सोडून नियामक पेशींना जवळ बोलावतात. आलेल्या पेशी आयएल-२ हे टी-पेशींचे पोषक द्रव्य शोषून घेतात, टीजीएफ-बीटा व आयएल-१० ही शमन करणारी द्रव्ये स्रवतात आणि सीटीएलए-४ या प्रथिनाच्या साहाय्याने, शत्रूची ओळख करून देणाऱ्या पेशींनाच निष्प्रभ करतात. अंडाशयाच्या कर्करोगाच्या १०४ रुग्णांवरील २००४ च्या अभ्यासात, गाठीत या पेशी जितक्या जास्त तितके आयुष्य कमी, असे आढळले.

वाशीम जिल्ह्यातल्या धनजसारख्या गावात रुग्णाचे नातेवाईक ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ असे म्हणतात, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात, ती खरी उणीव. गाठीतली गोष्ट निराळी : तिथे सैन्य असते, पण त्याचे हात बांधलेले असतात. म्हणून प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्णांवर गरीब घरचा पैसा जातो, याचे वाईट वाटते; ते बांधलेले हात चूर्णाने सुटत नाहीत.

विदर्भात पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना, तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण आहे. डोके व मानेच्या कर्करोगांवर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने केलेली चाचणी म्हणूनच इथे महत्त्वाची. तिच्यात वापरलेले निव्होलुमॅब हे औषध नियामक पेशी काढत नाही. मारक पेशींवरचा पीडी-१ हा दुसरा लगाम ते सैल करते. पूर्ण मात्रा बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम मात्रा, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब यांच्या जोडीने दिली. १५१ रुग्णांपैकी ज्यांना ही जोड मिळाली त्यांच्यात एक वर्ष जगण्याचे प्रमाण ४३.४ टक्के होते. फक्त तीन औषधे घेणाऱ्यांत १६.३.

मग नियामक पेशी सरसकट नष्टच का करू नयेत? फॉक्सपी३ जन्मतः सदोष असलेल्या बाळांची आतडी, त्वचा व स्वादुपिंड त्यांच्याच प्रतिकारयंत्रणेच्या तडाख्यात सापडतात. सीटीएलए-४ रोखणाऱ्या इपिलिमुमॅब या औषधामुळेही तीव्र आतडेदाह होऊ शकतो. शिवाय या पेशींचा अर्थ सर्वत्र एक नाही. डोके व मानेच्या काही गाठींत त्यांची जास्त संख्या चांगल्या परिणामाशी जोडलेली आढळली. आधीच पेटलेला दाह त्या शमवत असाव्यात, असा एक तर्क आहे.

आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांनी घडवलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या रक्तकर्करोगावरील उपचारात मार्ग तात्पुरत्या घटीचा आहे. बदललेल्या टी-पेशी देण्याआधी फ्लुडाराबिन व सायक्लोफॉस्फमाइड देऊन रुग्णाच्या लसीका-पेशी कमी केल्या जातात. त्यांत नियामक पेशीही जातात, आणि नव्या पेशींना वाढायला जागा मिळते.